लाकडी गुणाकार बोर्ड: लाकूड चांगलं, मणी पळपुटे, पुस्तिकेने घोळ घातला

आमची कन्या तिसरीत, सेमी-इंग्लिशला. पाढे म्हणते अगदी खणखणीत, बे ते दहा एका दमात, पण मध्येच थांबवून विचारलं की सात आठे किती, तर बिचारी परत सात एके सातपासून गाडी सुरू करणार आणि आठव्या स्टेशनला पोचली की उत्तर सांगणार. म्हणजे पाठ आहे पण त्यात काय चाललंय ते माहीत नाही. म्हणून ऑनलाइन शोधून तो लाकडी बोर्ड मागवला, ७४९ रुपयांना. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, तसंही सेम टू सेम बोर्ड वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, फोटो बघितला की कळेलच कोणता ते. नाशिकला चार दिवसांत आला, पॅकिंग व्यवस्थित होतं.

आधी आत काय येतं ते सांगते. साधारण फूटभर चौकोनी पाटी, तिच्यावर दहा बाय दहा असे शंभर खळगे, वरच्या बाजूला १ ते १० आकडे, डाव्या बाजूला एक खाच ज्यात आकड्याचं कार्ड सरकवायचं, एक लाल चकती, आणि शंभर लाल मणी. शंभर म्हणजे मोजून शंभर, जास्तीचा एकही नाही. ह्याचं पुढे काय झालं ते शेवटी येईलच. आणि सोबत एक पुस्तिका, इंग्रजी-हिंदी-मराठीत.

ही मूळची माँटेसरी पद्धतीची वस्तू. वापरायची कशी, समजा चारचा पाढा करायचाय, तर खाचेत ४ चं कार्ड, चकती वरती १ वर, आणि त्या १ खाली उभे चार मणी. चार एकदा, चार. मग चकती २ वर, अजून चार मणी, चार दोनदा, आठ. चकती ३ वर, अजून चार, बारा. बस एवढंच. ऐकायला काहीच वाटत नाही पण पोरांच्या हातात दिलं की कळतं की ह्यात दम आहे, कारण प्रत्येक रकान्याला चारने वाढतंय हे तोंडाने म्हणून कळत नाही ते हाताला कळतं. पहिले दोन दिवस आमची कन्या प्रत्येक वेळी सगळे मणी एकपासून मोजायची, चौथा रकाना भरला की पुन्हा एक दोन तीन करत सोळापर्यंत. मी काही बोलले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणच कंटाळली आणि "बारा झालेले आहेतच ना, तेरा चौदा पंधरा सोळा" असं सुरू केलं. ह्या एका गोष्टीसाठी मी बोर्डला पैकीच्या पैकी देईन. सात आठेचं पण तसंच, सात साते एकोणपन्नास तिला येतंच होतं, त्याच्यापुढे सात मण्यांचा अजून एक रकाना लावला, एक लावला की पन्नास, उरले सहा, छप्पन. आता ती सात एकेपर्यंत मागे पळत नाही.

आता पुस्तिका. इथे माझं डोकं फिरलं.

तिसऱ्या पानावर ३ × ४ आहे आणि चित्रात तीन ताटल्या, प्रत्येक ताटलीत चार लाडू. खाली मराठीत लिहिलंय "३ गट ४ चे". बरं. कन्येने बोर्डवर काय केलं, खाचेत ३ चं कार्ड टाकलं, आणि चकती सरकवत सरकवत ४ पर्यंत नेली, म्हणजे तीन-तीन मण्यांचे चार रकाने. मग चित्राकडे बघितलं, बोर्डकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "आई, पुस्तकात चार-चारच्या तीन आहेत आणि माझ्याकडे तीन-तीनच्या चार आहेत, कोण चुकलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं खरं सांगायचं तर. बारा दोन्हीकडे बारा. मी म्हटलं कोणीच नाही, पण ते तिला पटलं नाही आणि पटायलाही नको.

सासूबाई भाजी निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तीन चोक बारा. तीन चार वेळा घ्यायचे, एवढं काय त्यात." आणि मग माझ्या डोक्यात लाइट पेटली. आपला पाढा असाच चालतो ना. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा. तीन जागचा हलत नाही, बाकीचे पुढे सरकतात, आणि दुणे म्हणजे सरळ सरळ दुप्पट. म्हणजे मराठी पाढ्यात पहिला आकडा ही वस्तू आणि दुसरा किती वेळा. मराठी गणिताच्या पुस्तकातले शब्दही तसेच, आधी गुण्य मग गुणक, तीन गुणिले चार म्हणजे तीनला चारने गुणलं. (त्रिकचा अर्थ तिघांचा गट असा पण लावता येईल असं कोणीतरी नक्की म्हणणार, लावा, पण दुणेचं काय करणार?) शाळेत मात्र हीच मुलगी म्हणते थ्री फोर्स आर ट्वेल्व्ह, म्हणजे तीन "चार" मिळून बारा. वस्तू चार, वेळा तीन. बरोब्बर उलटं! सकाळी शाळेत एक आणि संध्याकाळी आजीजवळ दुसरं, आणि आपल्याला वाटतं की पोरगी एकच पाढा दोन भाषांत म्हणतेय.

गंमत अशी की बोर्ड आजीच्या बाजूचा आहे. कार्डावरचा आकडा म्हणजे वस्तू, चकती म्हणजे किती वेळा, लाकडात तेच कोरलेलं आहे. पुस्तिका इंग्रजीतून उचलून मराठीत टाकलीय, आणि टाकणाऱ्याने बोर्ड हातात घेऊन एकदाही बघितलेला नाही हे मी स्टँप पेपरवर लिहून देते. कंपनीला मेल केला तर "युवर फीडबॅक इज व्हॅल्युएबल" छाप उत्तर आलं, ते पण इंग्रजीत.

कोणी म्हणेल एवढं काय, उत्तर तर तेच येतं. अहो पण मार्क कापले जातात ह्याच्यावरून. अमेरिकेत २०१५ मध्ये एका मुलाचा पेपर इंटरनेटवर फिरला होता, ५ × ३ बेरजेने सोडवा, त्याने ५ + ५ + ५ लिहिलं, उत्तर १५, आणि बाईंनी चूक दिली, कारण तिकडच्या अभ्यासक्रमात ५ × ३ म्हणजे तीनचे पाच गट, ३ + ३ + ३ + ३ + ३. आपल्या आजीने त्या पोराला शाबासकी दिली असती, पाच त्रिक पंधरा, पाच तीनदा. आकडे कसे म्हणायचे ह्याच्यावरून आपल्याकडे २०१९ ला दुसरीच्या पुस्तकातल्या वीस एक वीस दोनचा (एकवीस, बावीसच्या जागी) केवढा तमाशा झाला, बातम्या, जोक्स, सगळं, पण गुणाकार कुठून वाचायचा ह्याच्याबद्दल मी तरी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज बघितलेला नाही.

आणि फरक अगदीच नसतो असंही नाही. पाच रुपयांची तीन पेनं आणि तीन रुपयांची पाच पेनं, पैसे तेवढेच पण दप्तरात वेगळं काही येतं. शाब्दिक उदाहरण आलं की मुलं इथेच अडकतात, कशाची बेरीज करायची हेच ठरत नाही.

ह्याच्यावर बोर्डचाच एक उपाय आहे जो पुस्तिकेत कुठेच नाही. तीन-तीनचे चार रकाने लावा आणि आख्खा बोर्ड पाव फेरी फिरवा. झाले चार-चारचे तीन! मणी तेच, एकही हलवला नाही. कन्येने फिरवला, परत फिरवला, परत फिरवला, चेहरा बघण्यासारखा होता. चौथ्यांदा जरा जोरात फिरवला आणि सगळे मणी घरभर. खळगे फारच उथळ आहेत, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. बोर्ड जरा हलला की मणी घरंगळतात, आणि ह्याचा सगळ्यात भारी उपयोग नेमका फिरवण्यातच आहे, काय म्हणायचं. मणी वाटाण्याएवढे आहेत, घरात रांगणारं बाळ असेल तर घेऊच नका.

फुकटात हवं असेल तर अंड्यांचा तीसचा ट्रे घ्या, पाच बाय सहा, खळगे मस्त खोल, फिरवा कितीही. आम्ही मणी गोळा होईपर्यंत दोन दिवस त्याच्यावरच केलं. सासूबाईंच्या गोळ्यांची दहाची पट्टी पण चालते, दोन पंचे किंवा पाच दुणे, कशी धरता त्यावर. बालवाड्या काढणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला हेच तर केलं होतं, माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया. खुद्द माँटेसरीबाई १९३९ ला भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच अडकल्या, तेवढ्या काळात त्यांच्या साधनांचं इथे काय होणार ते त्यांनाही दिसलं असेल. ट्रेचं एकच, सहाच्या पुढचे पाढे होत नाहीत, आणि आमची खरी अडचण सात-आठ-नऊचीच होती.

अजून एक, हे बोर्डच्या दोषात धरू नका, पण सांगते. रात्री ह्याच विषयावर वाचत बसले तर कळलं की कीथ डेव्लिन म्हणून गणिती आहेत, तेव्हा स्टॅनफर्डला होते, त्यांनी २००८ मध्ये आपल्या सदरात शिक्षकांना चक्क सांगितलं होतं की गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज असं मुलांना शिकवणं बंद करा, पूर्ण संख्यांना उत्तर सारखं येतं म्हणून दोन्ही गोष्टी एकच होत नाहीत. तेव्हा मला ते अतीच वाटलं. आठ वर्षांच्या पोराला दुसरं सांगणार काय? मग दुसऱ्या दिवशी दारावर कांदे घेतले, बत्तीस रुपये किलो, अडीच किलो. भैयाने मोबाइल काढेपर्यंत सासूबाईंनी ऐंशी काढून त्याच्या हातात ठेवले. त्यांच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पावपासून साडेतीनपर्यंतचे (औट म्हणजे साडेतीन) पाढे सगळे पाठ करून घ्यायचे. कन्येने विचारलं, "आजी, बत्तीस अडीच वेळा कसे मिळवायचे? दोनदा मिळवले, मग अर्धा वेळा कसं मिळवतात?" सासूबाई म्हणाल्या, "मिळवत नाहीत गं, अडीचपट करतात." पट! डेव्लिनसाहेबांना जे म्हणायचंय ते हेच असावं असा माझा अंदाज. बोर्डवर हे होणार नाही, तिथे अर्धा खळगा नसतो. पण सुरुवात बेरजेनेच करावी असं मला अजूनही वाटतं, फक्त "गुणाकार म्हणजे बेरीजच" असं ठासून सांगू नका, पुढे अपूर्णांकांचे गुणाकार आले की तेच अंगाशी येईल.

घ्यावा का? दुसरी-तिसरीचं मूल असेल, पाढे पाठ आहेत पण मधूनच विचारलं की अडखळतं, तर घ्या. पाढे अजिबात येत नसतील तरी घ्या, उलट आधीच घ्या. चौथीच्या पुढे नको, कंटाळतात. सेलमध्ये पाचशेच्या आत मिळाला तर उत्तम, ७४९ जास्त आहेत. पुस्तिका आल्या आल्या माळ्यावर टाका, आणि खाचेतलं कार्ड म्हणजे "कितीचं" आणि चकती म्हणजे "किती वेळा" एवढं एका कागदावर लिहून बोर्डच्या मागे चिकटवा. शाळेत इंग्रजीतून गणित असेल तर मुलाला दोन्ही वाचनं सांगून ठेवा, परीक्षेत बाईंना कुठलं हवंय ते आधी वहीत बघा.

माझ्याकडून साडेतीन स्टार, औटकी पाठ असलेल्या सासूबाईंच्या खात्यातून.

आणि हो, ते शंभर मणी. सोफा सरकवला, फ्रीजखाली झाडू घातला, सत्त्याण्णव सापडले. त्यामुळे दहा दाहे शंभरला शेवटच्या तीन खळग्यांत सध्या हरभरे बसतात.