साडेपंधरा हजारांचा कीबोर्ड आणि आतले लोखंड

अमळनेरात माझे टंकलेखनाचे आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. वर्षभर खरेदीखते, प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार आणि लग्नसराई आली की पत्रिका, असे काम चालते. चार-पाचशे रुपयांचा साधा कीबोर्ड माझ्या हाताखाली जेमतेम वर्ष काढतो, कारण आतली रबराची चादर दबते आणि मग एकेक बटण दोनदा दाबावे लागते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो आणि एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो, हे कळल्यापासून आयुष्यात एकदा तरी असा कीबोर्ड आपल्या पसंतीने बनवून घ्यावा, असे मनात होते. या हौसेपायी मी साडेपंधरा हजार रुपये कसे घालवले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी अज्ञानामुळे फसलो नाही, अर्धवट ज्ञानामुळे फसलो. ऑर्डर देण्यापूर्वी दोन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत होतो. चेरी या जर्मन कंपनीचा लाल स्विच साधारण ४५ ग्रॅम दाबाने चालतो, त्याची एकूण चाल ४ मिलिमीटर असते आणि २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते, हे मला पाठ झाले होते. एबीएस प्लास्टिकच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, वापराने तुळतुळीत होतात, पीबीटीच्या जास्त टिकतात, आणि ‘हॉटस्वॅप’ बोर्डावर सोल्डरिंग न करता स्विच काढता-घालता येतो, हेही ठाऊक होते. त्यामुळे विक्रेता हेच शब्द सराईतपणे बोलू लागला, तेव्हा आपल्याला जाणकार माणूस भेटला असे मला वाटले. वस्तू मी पाहिलीच नव्हती. तिची नावे तेवढी ऐकली होती.

हा विक्रेता परराज्यातला, बोलणे हिंदीतून, प्रत्येक वाक्यात ‘सर’. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, हॉटस्वॅप बोर्ड, हाताने वंगण लावलेले अस्सल लाल स्विच आणि ‘डबलशॉट’ पद्धतीच्या काळ्या कीकॅपवर पांढरी देवनागरी अक्षरे, असा सौदा ठरला. देवनागरी अक्षरांची गरज मला स्वतःला नव्हती, कारण इन्स्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची कीबोर्डवरची मांडणी माझ्या बोटांत बसली आहे. पण दुकानात कामाला येणारी मुलगी अजून शिकत आहे आणि तिला सोय व्हावी, एवढाच हेतू होता. किंमत मुळीच स्वस्त नव्हती. अशा जोडणीला इतरत्र जेवढे पडतात साधारण तेवढेच त्याने सांगितले आणि नेमका त्यामुळेच मला संशय आला नाही, कारण फसवणारा माणूस स्वस्तात विकतो, अशी माझी समजूत होती.

संक्रांतीला सहा हजार रुपये आगाऊ दिले. क्रेडिट कार्डाने देतो म्हणालो, तर ‘तीन टक्के जास्त पडतील, सर’ असे उत्तर आले. साडेचारशे रुपये वाचवण्यासाठी मी यूपीआयने थेट त्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे पाठवले. कार्डाने दिले असते, तर निदान बँकेकडे वाद उपस्थित करून रक्कम परत मागण्याची वाट उघडी राहिली असती. यूपीआयवर आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात पोहोचले की मध्ये अडवून धरणारे कोणी नसते. उरलेले साडेनऊ हजार ‘माल तयार आहे’ या निरोपावर मार्चमध्ये गेले आणि पार्सल मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी हाती पडले. दरम्यान मी विचारले की तो सांगायचा, या छंदात आधी अनेकांचे पैसे गोळा करून मग कारखान्याला एकत्र ऑर्डर जाते, त्यामुळे चार-सहा महिने लागतातच. तशी पद्धत खरोखर आहे, हे मी वाचलेले असल्यामुळे प्रत्येक वेळी त्याची बाजू मीच स्वतःला समजावून सांगत होतो.

पेटी उघडली तेव्हा कीबोर्ड हातात चांगला जड लागला. त्याने दीड किलोच्यावर वजन सांगितले होते. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते १ किलो ५४० ग्रॅम भरले आणि माझे पूर्ण समाधान झाले. स्पेसबार खडखडत होता, पण नवीन आहे, बसेल, असे म्हणून मी तो वापरायला घेतला. अकराव्या दिवशी काना पुसट झाला. इन्स्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी ई अक्षराच्या जागी असतो आणि मराठी मजकुरात त्याच्यावर बोट सतत पडते, हे खरे; परंतु डबलशॉट कीकॅपवरचे अक्षर पुसट होऊच शकत नाही, कारण ते वरून छापलेले नसते. दुसऱ्या रंगाचे प्लास्टिक साच्यात ओतून ते आरपार घडवलेले असते.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण ऑर्डर देण्यापूर्वीच मला हे सुचायला हवे होते. डबलशॉटमध्ये प्रत्येक अक्षरासाठी वेगळा साचा लागतो. एका गिऱ्हाइकासाठी कोणी देवनागरीचे पन्नास-साठ साचे पाडील, हे साडेपंधरा हजारांत शक्यच नाही. एकट्यादुकट्यासाठी परवडणारी दुसरी रीत म्हणजे उष्णतेने प्लास्टिकात रंग मुरवणे, पण त्या साध्या रीतीत काळ्या कीकॅपवर पांढरे अक्षर उमटत नाही. फिकट कीकॅपवर गडद अक्षरच घ्यावे लागते. म्हणजे त्याने दिलेले वचन मुळातच पाळता येण्याजोगे नव्हते.

माझ्या भाच्याचे मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने प्रथम कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एका बटणावरून फिरवला, तेव्हा ‘ज’ अख्खाच्या अख्खा बोळ्यावर आला. मग कीकॅप उपसून आतला स्विच पाहिला, तर त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. अस्सल स्विचच्या वरच्या कवचावर ते कोरलेले असते, मात्र कीकॅप काढल्याखेरीज दिसत नाही. स्विच चिमट्याने ओढला तर हलेना, कारण तो बोर्डाला सोल्डर केलेला होता. भाच्याने एका जुन्या स्पीकरचे लोहचुंबक खालून लावले आणि ते चिकटले. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण स्विचखालची प्लेट पोलादी असू शकते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये असे मीच म्हणालो. तेव्हाही मी विक्रेत्याच्याच बाजूने बोलत होतो, याची आज लाज वाटते. शेवटी भाच्याने आठ स्क्रू काढून खालची बाजू वेगळी केली. चंदेरी रंग मारलेल्या प्लास्टिकच्या तळाला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने दोन लोखंडी पट्ट्या बसवलेल्या होत्या. एकीला ड्रिलचे भोक होते आणि काठावर गंज होता. खिडकीच्या ग्रिलच्या कामातून उरलेल्या असाव्यात. भाचा एवढेच म्हणाला, “मामा, हाई तं लोखंड शे.” त्या पट्ट्या वेगळ्या मोजल्या तेव्हा साडेआठशे ग्रॅमच्या निघाल्या.

विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. मग मी त्याचे बिल पहिल्यांदा नीट वाचले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि सुरुवातीचे दोन अंक राज्याचे असतात; या बिलावरचा क्रमांक चौदाचाच होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणाचाही क्रमांक फुकट तपासता येतो आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. ते मिनिट मी संक्रांतीला काढले असते, तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तिचा खरा उपयोग पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर होतो. तेव्हा रक्कम पुढच्या खात्यात थोपवता येते. माझे पैसे जाऊन महिने उलटले होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हेही चौकशीत कळले. मात्र त्यासाठी विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि माझ्याजवळ होता फक्त एक मोबाइल क्रमांक.

लेखी अर्ज देण्यासाठी मी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. अर्ज घेणाऱ्यांनी शांतपणे सगळे वाचले आणि विचारले, “आप्पा, कीबोर्ड तर पाचशेला मिळतो, मग यात एवढे काय होते?” मी पिशवीतून दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. अर्जात वस्तूचे वर्णन सविस्तर हवे, असे त्यांनी सांगितल्यामुळे परत येऊन तो पुन्हा लिहावा लागला. चार पाने झाली, आणि ती मी जुन्या चारशेच्या कीबोर्डवर, काही बटणे दोनदा दाबत, टंकलिखित केली.