पाक्षिक हप्ता मासिक केला: शाखेतला नऊ महिन्यांचा अनुभव

गटकर्जाचा हप्ता चौदा दिवसांवरून महिन्यावर नेला की सुरुवातीला सगळेच खूश असतात. फिल्ड ऑफिसरच्या फेऱ्या निम्म्या होतात, कर्जदार बायकांचीही दर पंधरवड्याची खोटी टळते. ४०,००० रुपये, दोन वर्षं, घटत्या शिलकीवर २४ टक्के असा हिशेब धरला तर पाक्षिक हप्ता साधारण ९७० आणि मासिक २,११५ येतो. एकूण परतफेडीत फरक अडीचशेच्या आसपास, म्हणजे तिथे कोणाचं नुकसान नाही.

रोकड मात्र वाढते. वीस जणींच्या केंद्रात, म्हणजे बायका एकत्र जमून हप्ता भरतात तिथे, १९,४०० ऐवजी ४२,३०० जमतात. सकाळी तीन केंद्रं केली की बॅगेत सव्वा लाखाच्या वर. रोकडीच्या विम्याची मर्यादा आधीच वाढवून घ्यावी. क्यूआरने भरणा घेतला तर पैसे मुलाच्या खात्यातून येतात आणि कोणत्या कर्जाचे ते कळत नाही. सदस्य क्रमांक टाकायला लावलाच पाहिजे.

खरा घात थकबाकीत होतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वसुली ठरलेल्या जागीच करायची. सदस्य लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी किंवा कामावर जाऊन घेता येते. पाक्षिकात दुसरी गैरहजेरी चौदाव्या दिवशी दिसते, हातात दोन आठवडे उरतात. मासिकात ती दिसते तेव्हा पहिला हप्ता तीस दिवस थकलेला असतो आणि खातं एसएमए-१ च्या, म्हणजे तीस दिवसांहून जास्त थकलेल्या खात्यांच्या वर्गाच्या, उंबरठ्यावर असतं. बायका त्याच, गावं तीच. शाखेला कळतं मात्र उशिरा.

म्हणून १० तारीख, १५ तारीख असं ठरवू नये. रविवार आणि सण मध्ये येतात ते वेगळंच. २८ दिवसांचं चक्र ठेवलं तर वार बदलत नाही आणि निदान दोन दिवस मिळतात. हप्ता १,९५० च्या आसपास, पण वर्षाला १३. एखाद्या महिन्यात दोन हप्ते आले की केंद्रात भांडण ठरलेलं, तेव्हा २६ च्या २६ तारखा कर्जवाटपाच्या दिवशीच कार्डावर छापून द्याव्यात. हप्ता चुकला की तिसऱ्या दिवशी फोन करावा, सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर नाही.

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी घेणाऱ्या घरांना आणि पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांना चौदा दिवसच ठेवावेत. मासिक हप्ता महिन्याचा पगार येणाऱ्या घरांनाच झेपतो.