वाचनालयात चित्रकार: तीन महिन्यांची बैठक की बारा शनिवार?

आर्टिस्ट रेसिडेन्सी, म्हणजे चित्रकाराने ठरावीक काळ एखाद्या संस्थेत राहून काम करणं, असं म्हटलं की राहायची खोली, जेवण आणि ऐसपैस स्टुडिओ डोळ्यांपुढे येतो. मुंबईतल्या सार्वजनिक वाचनालयाकडे यातलं काही नसतं. एक टेबल, एक खिडकी, जुना संग्रह आणि रोज पुस्तक बदलायला येणारे सभासद एवढंच असतं, आणि चांगल्या चित्रकाराला ते पुरतं. कार्यकारिणीपुढे मग साधारण दोन प्रस्ताव येतात. पहिला बैठकीचा: चित्रकाराने तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस, रोज चार तास वाचनालयात बसून संग्रहावर काम करायचं आणि शेवटी प्रदर्शन मांडायचं. दुसरा शनिवारांचा: बारा शनिवार, दर वेळी तीन तास, मुलांना आणि मोठ्या सभासदांना सोबत घेऊन काम करायचं.

सभेत चर्चा होते मानधनावर आणि जागेवर. निर्णय मात्र ग्रंथपालांच्या वेळेकडे बघून घ्यायला हवा.

तास कोणाचे जातात

बैठकीत चित्रकाराचे १४४ तास होतात, शनिवारांत ३६. कर्मचाऱ्यांचा हिशेब वेगळा निघतो. बैठकीत जुने दिवाळी अंक कपाटातून मोजून द्यायचे आणि संध्याकाळी पानं तपासून परत घ्यायचे, याला दिवसाला तासभर धरला तर ३६ दिवसांचे ३६ तास. शनिवारी एक माणूस पूर्ण तीन तास खोलीत हवा, मांडामांड आणि आवराआवरीला आणखी एक तास, म्हणजे एकूण ४८. शनिवार महाग वाटतात. पण ते काम सहायक, शिपाई किंवा एखादे निवृत्त सभासद करू शकतात. अंकांची देवघेव ग्रंथपालांनाच करावी लागते, कारण दाखल नोंदवही, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, त्यांच्या ताब्यात असते आणि गहाळ पानाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. ग्रंथपाल एकटेच असतील आणि काउंटरही तेच सांभाळत असतील, तर बैठक दुसऱ्या आठवड्यातच अडखळते. चित्रकार अंकाची वाट बघत बसतो आणि काउंटरवर रांग वाढते.

संग्रह असेल तर बैठक

बैठकीला वजन येतं ते संग्रहामुळे. १८९८ पासून चालत आलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी यांची गोष्टच निराळी. पण उपनगरातल्या साठ-सत्तर वर्षांच्या वाचनालयातही एक खजिना बहुधा सापडतो, तो म्हणजे बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पाडलेली ही प्रथा पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर अशा चित्रकारांच्या मुखपृष्ठांनी घराघरांत पोचली. छपाईची तंत्रं, अक्षरलेखन, जाहिराती, साडीचे काठ, सगळं एका कपाटात. चित्रकाराला तीन महिने कमीच पडतील.

हे अंक स्वस्त कागदावर छापलेले असतात. त्यात आम्ल असतं, म्हणून कागद तपकिरी पडतो आणि दुमडीवर तुटतो. स्कॅनरवर उपडा ठेवून दाबला की बांधणीची शिवण सुटते. अंक दोन्ही बाजूंनी फोमचा आधार देऊन साधारण १०० अंशांपर्यंतच उघडावा, मोबाइल स्टँडला लावून वरून फोटो घ्यावा, फ्लॅश बंद ठेवावा. टेबलावर फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे केलेले असावेत. सुती हातमोजे नकोत. त्यांतून कागद बोटाला कळत नाही आणि कोपरा फाटतो.

कॉपीराइट आधीच समजून घ्या. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. महादेव धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचं काम खुलं झालं आहे. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या मुखपृष्ठांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. अंकासमोर बसून रेखाटनं करणं वेगळं आणि मुखपृष्ठ जसंच्या तसं पिशवीवर छापून विकणं वेगळं. विकायचं तर हक्कदाराची लेखी परवानगी लागते.

कुणाला जुन्या पुस्तकांची पानं कापून कोलाज करायचा असतो. फाटकं दिसतं म्हणून पुस्तक बाद झालेलं नसतं. आधी निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून कमी करण्याचा, ठराव, मग दाखल नोंदवहीत नोंद, मग पुस्तकावर शिक्का, आणि त्यानंतरच कात्री. हा क्रम चुकला की तपासणीत ग्रंथपाल अडचणीत येतात.

शनिवार कसा जातो

शनिवारसाठी लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा घेणं, फार छान जमतो. १५ जणांपेक्षा जास्त घेऊ नका, आणि दहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती कोरणी देऊ नका. त्यांना भेंडी-बटाट्याचे ठसे पुरे. पोस्टकार्डाहून लहान, ७ बाय १२ सेंटिमीटरचा लिनोचा तुकडा एका शनिवारी कोरून होतो. मोठा दिला की छापणं राहून जातं.

पहिली चूक अक्षरांत होते. ठशात सगळं उलट छापलं जातं, त्यामुळे सरळ कोरलेल्या नावातली वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि मूल रडकुंडीला येतं. नाव बटर पेपरवर गडद पेन्सिलीने लिहायचं, कागद उपडा करून लिनोवर ठेवायचा, मागून चमच्याने घासायचं. अक्षर आपोआप उलटं उतरतं. कोरताना दुसरा हात कोरणीच्या मागे हवा, पुढे नको. टेबलाच्या कडेला लाकडी पट्टी अडवून ठेवली की लिनो सरकत नाही. छापायला जुन्या तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या यादीची, वापरात नसलेली ३ बाय ५ इंची कार्डं घ्या. कागद जाड असतो, शाई नीट बसते, आणि मुलं मागच्या बाजूची नोंद मोठ्याने वाचतात.

शनिवारांत बिघडतं ते पालकांमुळे. मुलाला सोडून बाजारहाट उरकायला जायचं आणि परतायला उशीर. नावनोंदणीच्या अर्जावरच घ्यायला यायची वेळ आणि नाव लिहून घ्या.

दोन्हींत सारखं

तैलरंग, टर्पेंटाइन, चित्र पुसू नये म्हणून मारायचा स्प्रे फिक्सेटिव्ह यांना वाचनालयात जागा नाही. वास वाचन कक्षापर्यंत जातो आणि टर्पेंटाइन पेट घेतं. पाण्यात मिसळणारे रंग आणि शाई वापरा. मैद्याची खळ रात्री उघडी राहिली तर कसर आणि झुरळं पुस्तकांपर्यंत पोचतात. रोजची उरलेली फेकून द्या. लिनो कोरण्याचा खरखराट अभ्यासिकेत ऐकू जातो, म्हणून टेबल भिंतीपलीकडे हवं. कागद अर्ध्या इम्पीरियलचा, १५ बाय २२ इंच, ठरवून टाका. त्याहून मोठा पोर्टफोलिओ घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढता येत नाही.

पावसाळा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कागद फुगतो, शाई तासन्‌तास ओली राहते, आणि कपाटं उघडझाप केली की दमट हवा आत शिरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीमुळे अभ्यासिका भरलेली. उरते दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंतची खिडकी, आणि बारा आठवडे त्यात जेमतेम बसतात. याच काळात नव्या दिवाळी अंकांसाठी काउंटरवर झुंबड असते. शनिवारांना ती गर्दी पथ्यावर पडते, बैठकीला जाचक ठरते.

पैशांचं उदाहरण घेऊ. शनिवारी ३,००० रुपये मानधन धरलं तर बाराचे ३६,०००. साहित्य माणशी ६० रुपये, म्हणजे १५ जणांचे बारा वेळा १०,८००. बैठकीला महिना २५,००० दिले तर ७५,०००, शिवाय प्रदर्शनाच्या फ्रेमा. अनुदानाच्या हप्त्यावर मानधनाची तारीख बांधू नका. देणगी हातात आल्यावर करार करा.

करार दोन पानांचा पुरे, पण लेखी हवा. मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो. बहुतेक चित्रकारांना हे माहीत नसतं आणि शेवटच्या आठवड्यात कटुता येते. हक्क चित्रकाराकडे राहील, एक काम वाचनालयाला मिळेल आणि वाचनालय ते आपल्या अहवालात व प्रदर्शनात वापरेल, असं स्वच्छ लिहा. हक्क हस्तांतरित करत असाल तर मुदत घाला. नाही घातली तर कायदा ती पाच वर्षं धरतो. वर्धापनदिनाचा फलक, प्रमाणपत्रं, माजी अध्यक्षांचं तैलचित्र ही कामं यात येत नाहीत, हेही लिहा. ती मागितली जातातच, आणि समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं.

आमचा कौल असा: पहिल्या वर्षी बहुतेक वाचनालयांनी शनिवारच घ्यावेत. अपवाद ओळखायचा तर एक साधी परीक्षा आहे. ग्रंथपालांना कामाच्या दिवशी, काउंटर चालू असताना, १९६० च्या सुमाराचा एखादा दिवाळी अंक काढायला सांगा. वीस मिनिटांत तो नोंदीसकट टेबलावर आला तर बैठकीचा प्रस्ताव मंजूर करा. नाही आला तर बारा शनिवार ठरवा, आणि तेवढ्या आठवड्यांत त्या कपाटाची यादी पुरी करून घ्या.