एल्कचा मागचा फरा, एक कापडी पिशवी आणि माझा आउटफिटर : सात महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरात मी या आउटफिटरला, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सहल घडवणाऱ्या कंपनीला, पाचपैकी पाच दिले होते आणि मटण कापून देणाऱ्या प्रोसेसरला एक. आज दोन्ही मतं बदलतोय. आउटफिटर दोनवर आलाय, आणि प्रोसेसरची मी प्रत्यक्ष जाऊन माफी मागितली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी डेन्व्हरला राहतो. शिकार एल्कची, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाची, कोलोरॅडोत, मीकर गावाच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सच्या रानात, ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल हंगामात. रहिवासी असल्याने एल्कचं लायसन्स सत्तर डॉलरच्या आसपास पडलं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला आठशेच्या वर मोजावे लागतात. पाच दिवस, गाइड, तंबू, जेवण, घोडे, सगळं धरून 7,200 डॉलर. टिप वेगळी. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते, म्हणून आउटफिटर निवडायला मी चार महिने घालवले.

जे तपासायचं ते सगळं तपासलं होतं. राज्याच्या आउटफिटर नोंदणी कार्यालयात नाव आहे का, 10,000 डॉलरचा हमीचा बाँड आहे का, विमा चालू आहे का, वनखात्याचा त्या भागाचा परवाना आहे का. लेखी करार राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे, तोही दोनदा वाचला. तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. शिंगं केवढी मिळाली, घोडे कसे, जेवण कसं, गाइड घाई करतो का, सगळं विचारलं. मटण किती घरी नेलंत, हे मात्र एकालाही विचारलं नाही. माझी चूक झाली ती इथे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास बैल, म्हणजे नर एल्क, पडला. आमच्या भागात एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंच हवं; हा पाच टोकांचा होता. गाइड अप्रतिम. वाऱ्याचा अंदाज, आवाज, माझा श्वास लागला की न सांगता थांबणं. गोळी लागल्यावर त्याने टोपी काढली आणि मिनिटभर गप्प उभा राहिला. मी त्या जनावराच्या मानेवर हात ठेवला. ते ऊन अंग मला अजून आठवतं, आणि पुढची सगळी चिडचिड त्यातूनच आली आहे.

फ्लॅट टॉप्स हे 1975 पासून कायद्याने राखलेलं रान आहे. तिथे गाडी नाही, मोटार लावलेलं काहीच नाही. साडेसहाशे-सातशे पौंडांचं जनावर जागेवरच फोडून खेचरांवर लादून खाली आणावं लागतं. त्या दिवशी खेचरं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होती. आमच्याकडे आली दुसऱ्या दिवशी दुपारी. गाइडने पुढचे दोन फरे आणि पाठीचं मांस पांढऱ्या सुती पिशव्यांत घालून फांदीला टांगलं. मागचे दोन फरे, प्रत्येकी सत्तरेक पौंडांचे, गेले बांधकामाच्या कचऱ्यासाठी असतात तसल्या जाड काळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत. सावलीत, एकावर एक. थंडी आहे, रात्री पाणी गोठतं, काही होत नाही, असं मी समजलो.

मटण आलं 138 पौंड. मी दोनशेच्या आसपास धरलं होतं. प्रोसेसर म्हणाला, मागच्या दोन्ही फऱ्यांचं हाडालगतचं चाळीसेक पौंड कापून टाकावं लागलं, आंबलं होतं. माझा विश्वास बसला नाही. यानेच मटण ढापलं असणार, असं वाटलं आणि तसं लिहूनही टाकलं.

सीडब्ल्यूडी हा हरणांच्या जातीला होणारा मेंदूचा रोग याच राज्यात 1967 साली पहिल्यांदा दिसला होता. त्यामुळे तपासणीचा अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत पाकीट उघडायचं नाही असं ठरवलं होतं. अहवाल आल्यावर सुरुवात केली पुढच्या फऱ्यापासून. खिमा, सुकं, आईच्या पद्धतीचा तांबडा रस्सा. हिने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, तिनेच दुसऱ्यांदा करायला सांगितलं. मुलांच्या डब्यात कबाब जायला लागले.

फेब्रुवारीत मागच्या फऱ्याचं पहिलं पाकीट सोडलं. आंबूस, ओल्या चिंध्यांसारखा वास. दुसरं सोडलं, तोच. अकरा पाकिटं टाकली. प्रोसेसर खरं बोलत होता. त्याने कापलं त्याच्याही पुढे ते पसरलं होतं.

रात्री कोल्हापूरला फोन केला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गरम मटण प्लॅस्टिकमध्ये बांधलं होतंस काय?" आयुष्यभर दर रविवारी मटण आणणाऱ्या माणसाला जे एका वाक्यात कळलं ते मला चार महिने फोन करून कळलं नव्हतं. मांडीच्या खुब्यापाशी मांस जाड असतं, हाड ऊब धरून ठेवतं. कातडं उतरवून वारा लागला तर ती ऊब निघून जाते. प्लॅस्टिकने ती आत कोंडली, वर ओल धरली. बाहेर पाणी गोठत होतं, आणि खुब्याशी मांस आंबत होतं.

आउटफिटरला फोटो पाठवले. उत्तर आलं, मटणाची काळजी ही गिऱ्हाइकाची जबाबदारी. करार पुन्हा काढला. शिंगं आणि मुंडकं कसं सांभाळायचं यावर अख्खा परिच्छेद. मटणावर एक ओळ. पुढच्या वर्षी दहा टक्के सूट देतो म्हणाले. मी फक्त प्रोसेसिंगच्या बिलातला वाया गेलेल्या वजनाचा वाटा मागितला होता, 160 डॉलर. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. चेक आला, सोबत चिठ्ठी नाही.

याच काळात गाइडचा स्वतःहून फोन आला. कार्यालयाकडून पिशव्या मिळत नाहीत. त्या दोन सुती पिशव्या त्याच्या स्वतःच्या होत्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बैलावर बाकीच्या संपल्या होत्या. प्लॅस्टिक वापरताना त्यालाही बरं वाटलं नव्हतं, मला सांगायला हवं होतं, असं तो म्हणाला. म्हणून गाइडला माझे पाच कायम आहेत. सात हजार घेणाऱ्या कार्यालयाला साठ डॉलरच्या पिशव्या देता येत नाहीत, याला मात्र माफी नाही. याच राज्यात खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. एवढं जनावर मारायचं आणि त्याचे दोन फरे कचऱ्याच्या पिशवीत नासवायचे, हे मला सहन होत नाही.

तुम्ही निवडत असाल तर बाँड-विमा बघाच, पण जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, किती पौंड घरी आलं. आउटफिटरला विचारा, बैल पडल्यापासून किती तासांत खेचरं येतात, एकूण खेचरं किती आणि एकाच वेळी गिऱ्हाइकं किती. पिशवी कसली, हे करारात लिहून घ्या. एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार लायसन्स हा त्याला अपवाद आहे. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, आणि मगच रायफलीला हात.

एप्रिलमध्ये मामेबहीण आली तेव्हा आबांनी तिच्यासोबत सहा पिशव्या पाठवल्या. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतलेल्या, मांजरपाटाच्या, तोंडाला नाडी, फरा उभा मावेल एवढ्या लांब. कापड-शिलाई मिळून नऊशे रुपये. खळ निघावी म्हणून हिने दोनदा धुतल्या. गाइडला फोटो पाठवला. त्याने कापडाचं नाव विचारलं. आउटफिटरलाही पत्र गेलंय: करारात पिशव्यांची आणि खेचरांची ओळ घाला, तर ऑक्टोबरात येतो. अजून उत्तर नाही. फ्रीजरमध्ये पुढच्या फऱ्याची चार पाकिटं उरली आहेत.