सेकंडहँड लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि एकदाचा टिकलेला मराठी कीबोर्ड

मार्चमध्ये नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकलेला, तीही एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती. वेग, बॅटरी, स्क्रीन यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. लिबरऑफिस सुरळीत चालतं, एवढं मला पुरे. पण कीबोर्डवर माझं पोट आहे. मी मराठीत प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाइप करून देते, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत.

पहिले काही आठवडे नुसता वैताग. टर्मिनलमध्ये ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही कीबोर्डची भाषा बदलणारी आज्ञा दिली की मराठी लगेच यायची, आणि लॅपटॉप बंद करून सुरू केला की गायब. त्याहून वाईट म्हणजे यूएसबी कीबोर्डची वायर जरा हलली तरी गायब. समोर पक्षकार घाईत उभा, मी ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’साठी शिफ्ट-जे, डी आणि स्लॅश दाबते, आणि कागदावर इंग्रजी जे, डी आणि तिरकी रेघ! दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, विंडोज टाकून घ्या, ७०० रुपये.’ कीबोर्डच्या एका सेटिंगसाठी ७०० रुपये मी का देऊ?

तेव्हा मी हा लॅपटॉप कोणालाच घ्या म्हटलं नसतं. आता म्हणते, कारण दोष लॅपटॉपचा नव्हताच. ती आज्ञा फक्त चालू सेशनपुरती, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत असते. कीबोर्ड काढून परत लावला की यंत्रणा त्याला नवा समजते आणि मूळ सेटिंग लावते. बरेच जण ती आज्ञा स्टार्टअपमध्ये टाकायला सांगतात. मीही टाकली. लॉगिनपुरतं भागतं, वायर हलली की पुन्हा तेच.

खरी जागा आहे ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘कीबोर्ड’ नावाची फाइल. उबंटू, डेबियन आणि मिंट तिघांतही तीच. सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, उघडायची. लेआउटच्या (कीबोर्डच्या) ओळीत ‘यूएस’, म्हणजे इंग्रजी, स्वल्पविराम, ‘इन’, म्हणजे भारतीय. इंग्रजी पहिलं हवंच, नाहीतर लॉगिनचा पासवर्ड देवनागरीत उमटतो आणि आपण दाराबाहेर. व्हेरियंटच्या (त्यातल्या प्रकाराच्या) ओळीत आधी स्वल्पविराम, मग ‘मराठी’. हा सुरुवातीचा स्वल्पविराम विसरू नका. दोन्ही ओळी जागेनुसार जुळतात, तो नसेल तर ‘मराठी’ हा प्रकार इंग्रजीला चिकटतो आणि इंग्रजीत असा प्रकारच नाही. फोनेटिकची, म्हणजे उच्चारानुसार टाइप करायची, सवय असेल तर ‘मराठी’च्या जागी ‘मार-कागपा’. ऑप्शन्सच्या ओळीत ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलण्याची सोय. मग रीस्टार्ट.

एवढं करूनही सेटिंग टिकत नसेल तर एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये, लेआउटच्या टॅबवर, ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ चालू आहे का बघा. ते बंद असलं की डेस्कटॉप स्वतःची यादी लावतो आणि फाइलमधलं लिहिलेलं बाजूला राहतं. गनोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी फाइलच्या मागे लागू नये. तिथे सेटिंगमधल्या ‘इनपुट सोर्सेस’मध्ये भाषा जोडली की राहते.

तेव्हापासून कीबोर्ड काढा, लावा, लॅपटॉप झोपवा, उठवा, मराठी जागच्या जागी. मे महिन्याच्या उन्हात वीज गेली, लॅपटॉप बंद पडला, परत सुरू केला, ऑल्ट-शिफ्ट दाबलं आणि अर्ज पुढे सुरू. ज्या गोष्टीसाठी मी हा लॅपटॉप विकायला निघाले होते, ती तीन ओळींची निघाली, आणि फुकट.

एक गोष्ट मात्र फार उशिरा सापडली. लेआउटमध्ये ‘यूएस’ऐवजी ‘इन’च दोनदा लिहायचं आणि व्हेरियंटमध्ये ‘ईएनजी’, स्वल्पविराम, ‘मराठी’. इंग्रजी आहे तशीच राहते, शिवाय उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. मी आतापर्यंत हे चिन्ह प्रत्येक पावतीवर दुसरीकडून कॉपी करून चिकटवत होते.