पायथन की जावा?

प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती शिकावी, यावर एक मैत्रीण आठवडाभर अडून बसली आहे. तिच्यासाठी हे.

शिकायला पायथन सोपी, यात वाद नाही. पडद्यावर 'नमस्कार' छापायला एक ओळ पुरते. जावात त्यासाठी आधी क्लास, मग मेन मेथड असा लवाजमा लागायचा. २०२५ च्या जावा २५ ने तो बराच कमी केला.

खरा फरक कोड वाढल्यावर कळतो. जावात व्हेरिएबलचा (माहिती ठेवायच्या नावाचा) प्रकार कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच ठरतो, त्यामुळे आकड्याच्या जागी मजकूर गेला की कंपायलर तिथेच हात धरतो. पायथन ती चूक नेमकी ओळ चालेपर्यंत पोटात ठेवते. मी अशा चुका रात्री उशिरा शोधल्या आहेत! २०१५ पासून पायथनमध्ये टाइप हिंट्स, म्हणजे प्रकार लिहून ठेवायची सोय आहे, पण प्रोग्राम चालताना पायथन त्या तपासत नाही; मायपायसारखं वेगळं साधन लागतं.

निव्वळ लूप फिरवण्यात, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करण्यात, जावा बरीच वेगवान. मात्र नमपाय ही पायथनची गणिताची लायब्ररी वापरली तर जड गणित आतून सी भाषेतला कोड करतो, आणि पायथनची संथ चाल फारशी जाणवत नाही.

खर्च? दोन्ही फुकट.

अनेकांनी मिळून वर्षानुवर्षं सांभाळायचा सर्व्हर असेल तर जावा. मैत्रिणीला मात्र एक्सेलच्या फायली जोडून तक्ते काढायचे आहेत. तिने पायथनच घ्यावी.