दारूची केस ‘मिटवण्यासाठी’ गेलेले 28,500 रुपये

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने पिणारा माणूस नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जातो आणि परतताना पुलाच्या अलीकडे पोलीस उभे असतात, हे इकडच्या कुणाला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मीही असाच सापडलो. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आणि माझा आकडा निघाला 74. कोर्टात गुन्हा कबूल केला, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली 10,000 रुपये दंड भरला. ती चूक माझीच होती, ते मी नाकारत नाही.

पुढे गावच्या पोलीस पाटील पदासाठी अर्ज करायचे ठरले आणि चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा निघणार, या काळजीने झोप उडाली. तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज भरून देणाऱ्याने ‘रेकॉर्ड क्लीन’ होते असे सांगून अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. तिकडच्या काही राज्यांत अशी शिक्षा नोंदीतून काढता येते, हे खरे. पण आपल्याकडे तसा कायदाच नाही, हे चार एकर कोरडवाहूवाल्याला कोण सांगणार होते? आधी 5,000 बयाणा, मग कापूस विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘कोर्ट फी’ म्हणून 16,500. पावती एकाचीही नाही. पावती न देणाऱ्याला चहाचेही पैसे देऊ नका.

मग ‘आदेश’ हातात आला. त्यावर तारीख होती 26 जानेवारी. त्या दिवशी मी स्वतः ग्रामपंचायतीसमोर झेंड्याला सलामी देऊन शाळेच्या पोरांना बुंदी वाटत होतो, म्हणजे कोर्ट बंद असणार हे मला कळत होते. मी विचारलेही. “भाऊ, तारीख सर्व्हर आपोआप टाकते,” असे तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. शिक्क्यात ‘न्यायलय’ असे छापले होते. बारावीला मराठीत चांगले गुण घेतलेल्या माणसाला तो गेलेला काना दिसला नाही, कारण त्याला तो पाहायचा नव्हता. वर ‘पडताळणीसाठी’ म्हणून आणखी 7,000 मीच मोजून दिले. असा कागद खरा की खोटा, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केस क्रमांक टाकून फुकट पाहता येते. पुढे चारित्र्य पडताळणीत शिक्षा जशीच्या तशी निघाली.

ठाण्यात गेलो तर साहेब हसले आणि “रेकॉर्ड खोडायला पैसे दिलेस, म्हणजे आधी तुझ्यावरच गुन्हा घ्यावा लागेल,” म्हणाले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर रोख दिलेल्या पैशांसाठी ठाण्यातच जा, असे सांगितले. ठाण्याने पुन्हा कोर्टाकडे बोट दाखवले, कोर्टाच्या बाबूने वकिलाकडे, आणि तीन आठवड्यांत सहा खेपा घालूनही माझ्या अर्जावर पोच म्हणून साधी सही कुणी केली नाही. दंड वसूल करताना मात्र दहा मिनिटे लागली नव्हती.

वकिलांकडून कळले ते असे, की शिक्षेविरुद्ध उपाय सत्र न्यायालयातले अपील, तेही 30 दिवसांत. गुन्हा कबूल केला असेल तर फक्त शिक्षेच्या प्रमाणावर किंवा वैधतेवर. तालुका विधी सेवा समिती त्याच कोर्टाच्या आवारात आहे. तिथे आधी गेलो असतो तर, पण गेलो नाही.

परवा तक्रारीच्या झेरॉक्स काढायला तहसीलसमोर थांबलो होतो. तो त्याच टेबलावरून “या भाऊ, बसा,” म्हणाला.